चोपन्न बोटं जास्त

बुधवारी सकाळी चष्मेवाल्याच्या दुकानासमोर शिडी लागली आणि धाकटी टाचा उंचावून बघायला लागली. शिडीचं तिला काही नवल नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सतरा वर्षं ती शिड्याच बघत आली होती. घरचा धंदाच तो, दुकानांपुढे उन्हापावसासाठी कापडी छतं शिवून बसवण्याचा. पण आजवर शिडी लागली की वर चढायचा तिचा नवरा, आणि खालून वळकटी सोडायची ती, कारण ते कापड तिच्याच हातचं कापलेलं असायचं. आज दोघांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं होतं. हात मागे, तोंड बंद. आईंचा हुकूम.

आई म्हणजे तिच्या सासूबाई. वय त्र्याहत्तर, आवाज तिशीचा. त्या घडीचं स्टूल टाकून फुटपाथच्या ऐन मधोमध बसल्या होत्या आणि येणारे-जाणारे मुकाट्याने त्यांना वळसा घालत होते.

अट साधी होती. हे छत मोजायचं थोरल्या मुलाने, कापायचं आणि शिवायचं थोरल्या सुनेने. धाकट्या जोडप्याने त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. छत लोखंडी सांगाड्यावर नीट बसलं, तर धाकटा आणि धाकटी अकरा दिवसांनी पाठीला पिशव्या लावून वर्षभर जग फिरायला मोकळी. नाही बसलं, तर पुढच्या वर्षी बघू.

हे ‘पुढच्या वर्षी बघू’ काय प्रकरण आहे ते धाकटीला विचारावं. सहा वर्षं ती ते ऐकत होती. एका वर्षी मोठ्या मशिनची मोटर जळाली. एका वर्षी भाऊजींच्या, म्हणजे थोरल्याच्या, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. एका वर्षी गारा पडल्या आणि अर्ध्या शहराची छतं फाटून दारात आली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे तर नकटी मेली सहा वर्षं नटूनथटून उभीच होती.

तयारी मात्र दोघांनी अशी केली होती की पाहणाऱ्याला भोवळ यावी. पाठीवरच्या पिशव्या धाकटीने स्वतः शिवल्या, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या उरलेल्या कॅनव्हासच्या. एकेकीला एकवीस कप्पे. कप्पे इतके की धाकट्याला स्वतःचा टूथब्रश शोधायला दहा मिनिटं लागत, आणि ब्रश शोधताना हमखास दुसराच एखादा हरवलेला जिन्नस सापडे, त्यामुळे तो खूश. रोज सकाळी त्या पिशव्यांत पितळी रिंगा भरून दोघं चार मजले चढायची आणि उतरायची. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना आठवडाभर वाटत होतं की ही दोघं हप्त्याहप्त्याने घर सोडतायत. बाथरूमच्या दाराला आतून जगाचा नकाशा चिकटवला होता. परिणाम असा झाला की घरातल्या सगळ्यांना नको असताना देशोदेशींच्या राजधान्या पाठ झाल्या. सगळ्यात जास्त भाऊजींना, कारण आत सगळ्यात जास्त वेळ तेच बसत.

आणि विरोधही त्यांचाच सगळ्यात जास्त. “चाळिशी उलटल्यावर लोक गुडघ्याला पट्टे बांधतात,” ते जेवताना म्हणाले होते, “आणि हे पाठीला पिशव्या बांधतायत. जग काय कुठे पळून चाललंय?” त्यावर थोरली जाऊ, म्हणजे धाकटीची ताई, मान खाली घालून भात कालवत राहिली होती. ताई सहसा बोलत नसे. चोवीस वर्षं ती शिलाई मशिनवर बसत आली होती. समोर येईल ते सरळ शिवायचं आणि कापायच्या टेबलाजवळ फिरकायचं नाही, हा तिचा नेम. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणायची, माझ्या जिवाला तो घोर नको. त्याच ताईच्या हातावर आता धाकटीचं अख्खं जग अवलंबून होतं, आणि ती वळकटीला अशी बिलगून उभी होती की जणू कोणी ओढून नेईल.

पण धाकटीला खरी धास्ती ताईची नव्हती, काठीची होती.

या घरात छत फितीने मोजत नाहीत. फीत लांबवर धरली की मध्ये झोळ खाते, हे एक कारण. दुसरं आणि खरं कारण असं, की सासऱ्यांनी सगळं आयुष्य शिसवी काठ्यांच्या एका जोडीवर काढलं, एक दुकानात मोजायला आणि दुसरी कापायच्या टेबलावर, आणि ती जोडी टाकायची कोणाची छाती नव्हती. एकदा कापायची काठी कारखान्याच्या शटरखाली सापडली आणि टोकाला मोडली. सासऱ्यांनी टोक घासलं, पितळी टोपण परत ठोकलं आणि सांगितलं, काठी दोन बोटं तोकडी झाली, तेवढी मनात धरत जा. झालं. सासरे गेले, पण दोन बोटं मनात धरायचा वारसा मागे राहिला. धाकटा नुसत्या काठ्या मोजून आकडा सांगायचा आणि कापताना दर काठीमागे दोन बोटं धाकटी धरायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आपोआप पडलेली वाटणी, नवरा-बायकोत कोण दिवा घालवणार याची पडते तशी.

गेल्या आठवड्यात धाकटीने ताईला तीन तीनदा बजावलं होतं, की बाई, बाकी काही विसर पण काठीमागे दोन बोटं विसरू नकोस. चष्मेवाल्याचं दुकान नऊ काठ्यांचं. म्हणजे अठरा बोटं, दीड वीत. तेवढं राहिलं की छत तोकडं पडणार, सांगाडा उघडा राहणार आणि खेळ खलास. ताईने मान डोलावली होती. पण मोजणार होते भाऊजी. सोमवारी मोजून आल्यापासून वही त्यांनी ताईखेरीज कोणाला दाखवली नव्हती, विचारलं तर गालात हसत होते. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. हा माणूस आकडा कमी लिहिणार. मुद्दाम नाही, तर निदान विसरून. नवऱ्याला तिने तसं बोलून दाखवलं, तर तो एकदम आपल्या बुटांच्या नाड्या बघायला लागला. त्याला भावाबद्दल असं ऐकवत नसेल, असं तिला वाटलं.

तर शिडी लागली. भाऊजी दुखऱ्या गुडघ्याला शिव्या घालत चार पायऱ्या चढले आणि त्यांनी डावीकडचं टोक दोरीने सांगाड्याला ओवलं. ताई वळकटी उलगडत उजवीकडे निघाली. हिरवा पट्टा, पांढरा पट्टा. शिलाई रस्त्यापलीकडूनही सुरेख दिसत होती, त्यात वाद नाही. धाकटी मनात पट्टे मोजत होती. चष्मेवाल्याची काच संपत आली. सांगाड्याचा शेवटचा खांब आला. तिने नवऱ्याचं मनगट दाबून धरलं.

ताई खांबापाशी पोचली, आणि पुढे गेली.

ती तशीच चालत राहिली, कारण वळकटी अजून संपली नव्हती. चष्मेवाल्याचं दुकान ओलांडून ती शेजारच्या फुलवालीच्या दारात गेली, तिथल्या बादल्यांना वळसा घातला, आणि तिथे कुठे कापडाचं टोक हाती आलं. ते हातात धरून ती उभी राहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फुलवालीची पाटी झाकली गेली होती आणि पट्ट्यांखालून फुलवाली वाकून बाहेर बघत होती.

चष्मेवाला बाहेर आला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पुन्हा बघितलं.

“मी एकाच दुकानाचं सांगितलं होतं,” तो म्हणाला.

बिचाऱ्याच्या दुकानात दुपारी असं ऊन येई की गिऱ्हाइकांना समोरच्या तक्त्यावरची मोठी अक्षरंही दिसत नसत, आणि सगळ्यांनाच जास्त नंबरचा चष्मा लागे. त्याला छत हवं होतं ते एवढ्यासाठी.

धाकटी हुकूम-बिकूम विसरून रस्ता ओलांडून धावली. मागे धाकटा. आई तोवर स्टुलावरून उठल्या होत्या आणि खांबापासून कापडावर वीत टाकत चालल्या होत्या. एक, दोन, तीन, चार, आणि वर अर्धी. त्यांनी हिशेब केला.

“चोपन्न बोटं,” त्या म्हणाल्या. “चोपन्न बोटं जास्त.”

ताई रडवेल्या आवाजात म्हणाली, की मी तर सांगितल्याप्रमाणे केलं. वहीतला आकडा घेतला, काठीमागे दोन बोटं धरली, नऊ काठ्यांची अठरा, आणि खडूने रेघ मारली.

शिडीवरून भाऊजींनी खाली पाहिलं. “तू कशाला धरलीस? मी ती धरूनच आकडा लिहिला होता.”

“तुम्ही?” ताई म्हणाली. “तुम्ही कधीपासून दोन बोटं धरायला लागलात?”

भाऊजींनी शिडीवरच खाकरून घेतलं. म्हणाले, हिला पहिल्यांदाच कापायचं, गडबडीत विसरली बिसरली तर छत तोकडं पडेल, म्हणून म्हटलं आपणच धरून टाकावी.

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. छत तोकडं पडू नये अशी इच्छा या माणसाला कधीपासून झाली? पण आईंचं लक्ष आकड्याकडे होतं. एकदा धरायचीच होती, दुसऱ्यांदाची अठरा जास्त, हे झालं. मग राहिलेली छत्तीस बोटं आली कुठून, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कधी नव्हे ते त्यांचे कान लाल झाले.

“आई?” धाकटी म्हणाली.

“मंगळवारी दुपारी,” आई फुलवालीच्या बादलीला उद्देशून म्हणाल्या, “जेवणं झाल्यावर तुम्ही सगळी आडवी झालात. मी कारखान्यात गेले. रेघ बघितली. वाटलं, हिने दोन बोटं धरली नसणार. पुसली आणि पुढे मारली.”

“अठरा?”

“मग काय सोळा?”

ताईने कपाळावर हात मारला. आणि मग सगळ्यांनी एकाच वेळी तोच हिशेब केला आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी धाकट्याकडे वळली. अजून अठरा बोटं बेवारस होती. धाकटा फुलवालीकडचा एक गुच्छ अतिशय जिज्ञासेने न्याहाळत होता.

“मी नुसता बघायला गेलो होतो,” तो म्हणाला. “संध्याकाळी. ही आंघोळीला गेली होती.”

“तुला बोट लावायची बंदी होती,” धाकटी म्हणाली.

“बोट नाही लावलं. खडू लावला.”

ताईचा बांध फुटला. तिला आधी हुंदका आल्यासारखं झालं, पण बाहेर आलं ते हसू. चोवीस वर्षं न बोललेली बाई ती, बोलायला लागली तर थांबेचना. म्हणाली, मी म्हणतेय, सकाळी रेघ एकीकडे, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी तिसरीकडे. वाटलं आपल्याच नजरेत काहीतरी बिघडलं. म्हटलं असू दे, बुधवारी चष्मेवाल्याकडे जायचंच आहे, तेव्हा डोळे पण दाखवून घेऊ.

चष्मेवालाही हसला. मग जे सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही. भाऊजी शिडीवर हसत होते आणि शिडी हलत होती, म्हणून धाकटा हसत हसत ती धरायला धावला. फुलवालीला अक्षरही कळलं नव्हतं, तरी ती पट्टे धरून हसत होती. आईंनी स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि डोळे पुसले. अति तिथे माती म्हणतात ते हेच, असं त्या दोनदा म्हणाल्या.

धाकटीही हसत होती, पण मनात हिशेब चालूच होता. चार माणसांचा हात त्या आकड्याला लागला होता, आणि एकानेही तो कमी केला नव्हता. आणि आपण आठवडाभर काय काय मनात आणलं. तिला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की कशाचं काय करावं कळेना. ती शिडीपाशी गेली आणि भाऊजींना सरळच म्हणाली, की मला वाटत होतं तुम्ही आकडा कमी लिहाल.

“मलाही वाटत होतं,” भाऊजी म्हणाले. मग खाली न बघता पुढे म्हणाले, “तुमच्या त्या नकाशात एक नदी आहे. दाराच्या मुठीजवळ. दोन देशांतून जाते आणि तिसऱ्याच्या सीमेवर एकदम उलटी वळते. सहा वर्षं रोज बघतोय. या गुडघ्याने माझं काही जाणं होत नाही. कोणीतरी जाऊन बघून या, ती खरंच तशी वळते का.”

बघून येऊ, असं धाकटी म्हणाली. जास्त बोलली असती तर रडू फुटलं असतं.

आईंना कोणी काही विचारलं नाही. त्या आपणहूनच म्हणाल्या, की मला वर्षभर करमणार नाही हे तोंडाने कसं सांगायचं, म्हणून अट घातली. अट घातल्यावर हायसं वाटायला हवं होतं, तर उलट झोप उडाली. “मंगळवारी वाटलं, छत बसलं नाही आणि ही दोघं घरी राहिली, तर त्यांची तोंडं मला बघवणार नाहीत.” एवढं बोलून त्यांनी पदर झटकला. “पण अट ती अट. छत बसलेलं नाही.”

हसणं थांबलं. खरंच की, छत बसलेलं नव्हतं. चष्मेवाल्याने हळूच विचारलं, की आता पुढे काय.

पुढे काय ते धाकटीच्या हातांना ठाऊक होतं. जास्त झालेलं कापता येतं, ही तर तिची रोजची भाकरी. तिने सामानाच्या पिशवीतून मोठी कात्री काढली, कापडाचं टोक धरलं, खांबाच्या रेषेत नजर लावली आणि ताईला म्हणाली, की तू फक्त ताणून धर, दोन मिनिटांचं काम.

“हात लावू नकोस,” ताई म्हणाली.

सतरा वर्षांत ताई तिच्याशी या आवाजात बोलली नव्हती. धाकटीचा हात जागीच राहिला.

“तू कापलंस तर अट मोडली,” ताई म्हणाली. “तू इथे नाहीस. तू गेलेली आहेस. दे ती कात्री.”

धाकटीने आईंकडे पाहिलं. आई ताईकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की जणू या सुनेला त्यांनी आजच घरात आणलं.

“बरोबर बोलतेय ती,” आई म्हणाल्या. “दोघं निघा इथून. चौकाला फेरी मारा. हाक येईपर्यंत तोंड दाखवायचं नाही. आणि मागे वळून बघायचं नाही.”

धाकटीने कात्री ताईच्या हातात दिली. ती देताना तिला बोटं सोडवेनात. हात रिकामा झाला तो तिने नवऱ्याच्या हातात अडकवला आणि दोघं निघाली. दहा पावलं झाली असतील नसतील, मागून कात्रीचा आवाज आला. जाड कॅनव्हास कापताना हात कचरला की कात्री तुटक वाजते, खच, खच, थांबत थांबत. हा आवाज तसा नव्हता. एका टोकाला सुरू झाला तो सर्रकन, एका दमात, दुसऱ्या टोकाला गेला. सरळ कापलं होतं. बघायची गरजच नव्हती.

“जमलं तिला,” धाकटी म्हणाली. “माझ्यावाचून जमलं.”

“मग रडतेस कशाला?”

“माझ्यावाचून जमलं म्हणून.”

धाकट्याने तिचा हात जोरात हलवला, लहान मुलं हलवतात तसा. पहिली फेरी झाली, हाक नाही. कड मुडपून शिवायची, रिंगा ठोकायच्या, दोरी ओवायची, वेळ लागणारच, असं ती दर पन्नास पावलांना म्हणत होती. दुसऱ्या फेरीला कोपऱ्यावरच्या फळवाल्याने विचारलं, काही हरवलंय का. धाकटा म्हणाला, नाही, आम्ही जगाच्या सफरीवर आहोत. फळवाल्याने दोघांना नीट न्याहाळलं आणि कितवा दिवस म्हणून विचारलं. पहिलाच, असं धाकटी म्हणाली, आणि तिचं तिलाच इतकं हसू आलं की तिला विजेच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं.

तिसऱ्या फेरीला दोघं कोपऱ्याजवळ पोचली तेव्हा दुकानाकडून आरोळी आली. आवाज ताईचा होता. ताईला एवढा आवाज आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

“बसलं गं! बसलं!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. परत जाऊन छत बघायला हवं होतं, ताईला मिठी मारायला हवी होती, आईंच्या पाया पडायला हवं होतं. ते सगळं त्यांनी नंतर केलंच. पण त्या क्षणी पाय ऐकेनात. बेचाळीस वर्षांची धाकटी आणि पंचेचाळीस वर्षांचा धाकटा, भर रस्त्यात, चारी बाजूंनी लोक बघत असताना, घर होतं त्याच्या उलट्या दिशेने पळत सुटली.